निरीक्षण झालं, पण पुरावा कुठाय? आठवी-नववीच्या मुलांना लिहायला कसं शिकवायचं

मुलं प्रयोग मस्त करतात पण वहीत काय, तर गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं. म्हणून प्रयोगाआधी प्रश्न द्या, उत्तर नको. चुन्याच्या निवळीचा प्रयोग घ्या, एका परीक्षानळीत स्ट्रॉने फुंकायचं (ओढायचं नाही, हे दोनदा सांगा), दुसरीत सिरिंजने साधी हवा सोडायची, आणि दोन्हीकडे निवळी पांढरी व्हायला किती वेळ लागला ते मोबाइलवर मोजून लगेच वहीत.

मग लिहायचं तीन भागात. दावा एका वाक्यात: उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. पुरावा म्हणजे स्वतः मोजलेले सेकंद, "लवकर पांढरी झाली" चालणार नाही, लवकर म्हणजे कशापेक्षा? खरी गाडी अडते ती तिसऱ्या भागात, पुरावा दाव्याला जोडायचा कसा. इथे मुलं पुरावाच परत लिहितात. त्यांना विचारा, निवळी पांढरी का होते? कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून. साध्या हवेत हा वायू साधारण 0.04 टक्के, उच्छ्वासात 4 च्या आसपास, हे आलं की जोडणी झाली.

मार्क मी 5 पैकी देते, दाव्याला 1, पुराव्याला 2, जोडणीला 2. शुद्धलेखनाचे कापत नाही, ते मराठीच्या बाई बघतील! निकाल उलटा आला आणि पोराने तो खरा लिहून कारण शोधलं, उदा. निवळी जुनी होती, तर पूर्ण मार्क द्या. पहिल्यांदा मात्र मार्क नकोच, एकमेकांच्या वह्या बदलून फक्त पुराव्याखाली रेघ मारायला लावा.