लाटा आणि वाळूचं मॉडेल करताय? या चुका टाळा

बडोद्याला समुद्र नाही, तरी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लाटांची टाकी करायला मुलं हौसेने तयार होतात. विषय सुंदर आहे आणि चार फुटी फिश टँकमध्ये तो खरोखर दिसतो. फक्त पाणी नुसतं डुचमळून गढूळ होऊ देऊ नका.

बांधकामावरची ओरसंग नदीची वाळू तशीच ओतू नका. तिच्यातले खडे हलत नाहीत आणि माती लवकर खाली बसत नाही. मैद्याच्या चाळणीने चाळा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा.

पाणी 10 सेंमी ठेवा आणि वाळूचा उतार निदान 80 सेंमी लांब करा. उतार 45 अंशांचा झाला तर लाट फुटतच नाही, वर चढते आणि तशीच परतते.

फळीने पाणी थापटू नका. सेकंदाला दोन, असे एकसारखे झोके द्या. लाट साधारण 35 सेंमी लांबीची होईल. सेकंदाला एकच झोका दिलात तर ती 90 सेंमीच्या आसपास जाते आणि टाकी अपुरी पडते. लाट आपल्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीवर फुटते, म्हणजे 3 सेंमीची लाट जवळपास 4 सेंमी पाण्यात. काचेवर तिथे मार्करने खूण करा. वाळूचे ढग तिथेच उठतील.

सगळ्यांत मोठी चूक तक्त्यावर होते: ‘लाट वाळू किनाऱ्यावर आणते.’ फुटणाऱ्या लाटेचे भोवरे तळापर्यंत पोचतात आणि वाळू उचलतात. ती पुढे कुठे जाईल, हे त्या वेळी पाणी कुठे वाहतंय त्यावर ठरतं. उंच, लागोपाठच्या लाटांत तळाजवळून पाणी समुद्राकडे परतत असतं. ते वाळू आत ओढून नेतं आणि लाटा फुटतात त्या जागेजवळ पाण्याखाली बांध तयार होतो. शांत, लांब लाटांत तळावरचा पुढचा हिसका मागच्यापेक्षा जोरदार असतो, म्हणून वाळू हळूहळू किनाऱ्याकडे सरकते. पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी पुळणी पावसाळ्यात खंगतात आणि नंतरच्या महिन्यांत पुन्हा भरतात, त्या याच कारणाने. परतीचं पाणी दाखवायला पोटॅशियम परमँगनेटचा बारीक खडा तळाशी टाका. जांभळी रेघ कुठे जाते ते मुलांना स्वतः बघू द्या.

खंबातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेलेली मुलं तिथल्या गढूळ पाण्याचा दाखला हमखास देतात. तो इथे लावू नका. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह फार जोरदार आहेत आणि तळाशी बारीक गाळ आहे. तिथलं पाणी मुख्यतः त्या प्रवाहांनी गढूळ होतं.

किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू अरुंद टाकीत दाखवायचा हट्ट धरू नका. त्यासाठी रुंद ट्रे घ्या, किनारा तिरका रचा आणि एका टोकाला रंगीत वाळूची चिमूट टाका.