अमेरिकेतल्या कॉलेजचा खरा खर्च कसा काढावा आणि मूल रमेल असा कॅम्पस कसा ओळखावा

"आधी चांगल्या कॉलेजात ॲडमिशन तर मिळू दे, पैशाचं मग बघू." हा सल्ला आम्ही मोठ्या मुलीच्या वेळी ऐकला. "स्टेट युनिव्हर्सिटी स्वस्त पडते, डोळे मिटून घ्या, अभ्यास करणारा कुठेही करतो." हा धाकट्याच्या वेळी. दोन्ही महागात पडले. मुलीच्या वेळचा हिशेब खाली येईलच. मुलगा त्या कॅम्पसवर रमलाच नाही आणि वर्षाअखेरीस दुसरीकडे गेला. त्याच्या ३० क्रेडिटांपैकी १२च नव्या ठिकाणी मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, धरले गेले आणि पहिल्या वर्षी मिळालेली स्कॉलरशिप तिथेच राहिली. मूल जिथून परत येतं ते कॉलेज सगळ्यात महाग, मग ट्यूशन कितीही कमी असो. म्हणून पैसा आणि कॅम्पस ही दोन कामं मी वेगळी करत नाही. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांत कागद पसरून बसले आहे. क्रम असा ठेवा.

१. मुलाचं स्टेटस

मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर ते फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरू शकतं. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी अडत नाही. "आम्ही व्हिसावर, आम्हाला काय मिळणार" म्हणून फॉर्मच न भरणारी घरं मी पाहिली आहेत. मूल एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर मात्र सरकारी मदत नाही, आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो हेही आत्ताच धरून चाला. एच-४ च्या मुलांना इन-स्टेट ट्यूशन (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळते की नाही हे राज्यागणिक बदलतं. कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून उत्तर लेखी घ्या.

२. नेट प्राइस कॅल्क्युलेटर

मदत वजा जाता तुमच्या घराला अंदाजे किती खर्च पडेल ते हा सांगतो. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला ऑक्टोबर २०११ पासून तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो. टॅक्स रिटर्न समोर ठेवून भरा. भारतातला फ्लॅट लपवू नका. तुम्ही राहता ते घर फाफ्सा धरत नाही, दुसरं घर धरतो, मग ते कुठेही असो. स्वतःचा धंदा असेल तर येणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका.

३. फाफ्सा

सुरू झाल्या झाल्या भरा. काही कॉलेजं स्वतःची मदत ठरवायला सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्जही मागतात, तोही त्याच आठवड्यात. फक्त एक जुना सल्ला डोक्यातून काढा: "दोन मुलं एकदम कॉलेजात असली की मदत वाढते." २०२४-२५ पासून सरकारी सूत्रात भावंडांची ती सवलत राहिलेली नाही. सीएसएसवाली काही कॉलेजं अजून देतात, त्यांना विचारा.

४. अवॉर्ड लेटर वाचणं

ॲडमिशननंतर कॉलेज किती मदत देणार ते सांगणारं हे पत्र. इथे घाई करू नका. सगळी चूक इथेच होते.

मुलीचं पत्र आलं तेव्हा शेवटच्या ओळीत शून्य होतं. वर्षाचा एकूण खर्च ७८,००० डॉलर, "एकूण मदत" ७८,००० डॉलर, तुम्हाला उरले शून्य. (आकडे गोल केले आहेत.) आम्ही डिपॉझिट भरलं, नातेवाइकांना फोन केले. जुलैत बिल आलं तेव्हा त्या मदतीत काय काय होतं ते कळलं: कॉलेजची ग्रँट २४,०००, मेरिट स्कॉलरशिप १०,०००, मुलीच्या नावे सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी २,५००, आणि उरलेले ३६,००० पॅरेंट प्लस, म्हणजे आमच्या नावावरचं कर्ज. फुकट मिळालेले पैसे ३४,०००. आमच्या माथी ४४,०००. दोघंही आकड्यांत काम करणारे, तरी ते पत्र आम्ही चुकीचं वाचलं, कारण ते तसंच लिहिलेलं होतं. हे आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात सुमारे ९१ टक्के कॉलेजं आपल्या पत्रात खरा निव्वळ खर्च एकतर देत नाहीत किंवा कमी करून दाखवतात असं आढळलं.

म्हणून पत्रातली बेरीज वाचूच नका. कोरा कागद घ्या. वर पूर्ण खर्च लिहा: ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास. काही पत्रांत फक्त ट्यूशन आणि फी असते, राहण्या-जेवणाचे आकडे वेबसाइटवरून आणून भरावे लागतात. त्यातून फक्त दोन गोष्टी वजा करा, ग्रँट आणि स्कॉलरशिप. परत द्यावी लागणारी कुठलीही रक्कम वजा करायची नाही. वर्क-स्टडीसुद्धा नाही, कारण ते पैसे मूल तासांप्रमाणे काम करेल तसे पगार म्हणून येतात, ऑगस्टच्या बिलातून कापले जात नाहीत. जे उरलं तो तुमचा खर्च.

मग चार वर्षांचा हिशेब. ४४,००० गुणिले चार म्हणजे १,७६,०००, असं आम्ही दुसऱ्यांदा चुकीचं गणित केलं. खर्च दर वर्षी वाढतो, स्कॉलरशिपचा आकडा मात्र बहुतेक वेळा तोच राहतो. ७८,००० वर वर्षाला चार टक्के धरा आणि मदत ३४,००० वरच ठेवा: चार वर्षांत तुमच्या खिशातून १,९५,००० च्या आसपास जातात. १९,००० डॉलरचा फरक पत्रात कुठेच दिसत नाही.

स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (ग्रेडांची सरासरी) लागतो ते विचारा, आणि त्यापुढे हेही विचारा की पहिल्या वर्षानंतर किती जणांची स्कॉलरशिप जाते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात भल्याभल्यांचे ग्रेड घसरतात.

कर्जाबद्दल माझं मत पक्कं आहे. मुलाच्या नावावरच्या सरकारी कर्जाला मर्यादा आहे: चार वर्षांत ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५००, मिळून २७,००० डॉलर. एवढं ठीक आहे. पॅरेंट प्लस शक्यतो नकोच. त्यावर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापली जाते आणि व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासून चालू होतं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी त्यावर मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. म्हणून "खड्डा प्लसने भरू" हा सल्ला आता बऱ्याच घरांना लागूही पडणार नाही. खड्डा त्याहून मोठा असेल तर ते कॉलेज यादीतून काढा. मूल रडलं तरी काढा. आम्ही काढलं नाही, आणि मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागली तरी आमचे हप्ते चालूच होते.

घरची परिस्थिती बदलली असेल, नोकरी गेली, आजारपणाचा मोठा खर्च आला, तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रांसह पत्र लिहा. त्यांना आकडे बदलण्याचा कायद्याने अधिकार आहे.

५. कॅम्पस

कॉलेजची टूर घ्या, पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका. टूर देणारी मुलं निवडलेली असतात. सत्र चालू असताना साध्या मंगळवारी जा. मेसमध्ये जेवा आणि मुलं एकेकटी बसतात की टेबलं भरलेली असतात ते पाहा. मुलाला त्याच्या मेजरच्या वर्गात बसवा. आपण बाजूला व्हा, हे फार महत्त्वाचं. आई शेजारी असताना कुणी खरं बोलत नाही. त्याला एवढंच सांगा की भेटेल त्याला विचार, "काल रात्री कोणाबरोबर जेवलास?" आणि "शनिवारी काय करता?" शुक्रवारी संध्याकाळी निम्मा कॅम्पस घरी जात असेल, तर लांबून आलेलं मूल दोन दिवस रिकाम्या डॉर्ममध्ये काढतं. माझ्या मुलाचं नेमकं हेच झालं.

आपली मंडळी एकच प्रश्न विचारतात, "तिथे भारतीय मुलं किती?" मी या मोजमापाच्या विरोधात आहे. इथे वाढलेलं मूल नाटकात रमतं, रोबोटिक्समध्ये रमतं, हायकिंगला जाणाऱ्या घोळक्यात रमतं. त्याचा घोळका तिथे आहे का ते बघा.

घरी येऊन कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजने ठरावीक नमुन्यात दिलेली स्वतःची आकडेवारी, काढा. बहुतेक कॉलेजं तो वेबसाइटवर ठेवतात. बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं टिकली आणि चार वर्षांत किती जणांनी पदवी घेतली ते असतं. सहा वर्षांचा आकडा बघून समाधान मानू नका. पाचव्या वर्षाचं बिल तुम्हालाच येणार आहे. मूल एच-४ वर किंवा परदेशी असेल तर एच६ हा रकाना पाहा, कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत देतं ते तिथे कळतं.

६. डिपॉझिट

जागा पक्की करायची ही रक्कम बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत भरायची, आणि एकाच कॉलेजात. बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवा.

७. पहिलं बिल

त्यात बहुधा कॉलेजचा आरोग्य विमा आपोआप घातलेला असतो. तुमच्या विम्यात मूल असेल तर वेव्हर (विमा नको असल्याचा) फॉर्म भरून ती रक्कम काढता येते, पण विमा त्या राज्यात चालतो याचा पुरावा लागतो आणि मुदत संपली की पूर्ण वर्षाचे पैसे भरावे लागतात. तारीख कॅलेंडरमध्ये आजच टाका.