पाव न भिजवता टोमॅटो सँडविच

एका सँडविचला एक मध्यम टोमॅटो पुरतो. तो पिकलेला पण घट्ट हवा, आणि फ्रिजमधला गार नको. थंडीने चव मरते. दातेरी सुरीने अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापा. बोथट सुरीने साल दबते नि गर फुटतो. चकत्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरून १० मिनिटं चाळणीत ठेवा, मग कोरड्या फडक्याने टिपा. ही पायरी गाळली की पाव भिजलाच म्हणून समजा. दोन्ही स्लाइसना आतून अगदी कडेपर्यंत मऊ लोणी लावा, तोच थर रस अडवतो. चकत्या रचून वर मिरपूड. काकडी नकोच, तीही पाणी सोडते. लगेच खा; डब्यात न्यायचं तर चकत्या वेगळ्या न्या.