ऑलिम्पिक नॅशनल पार्कमध्ये चालायला जाताय? या चुका टाळा

जून उजाडला की अमेरिकेतल्या सिॲटलच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. “शनिवारी ऑलिम्पिकला निघालोय. सकाळी हरिकेन रिज, दुपारी होहचं जंगल, संध्याकाळी रिआल्टो बीचवर सूर्यास्त. जमेल ना?” नाही जमणार. यातल्या निम्म्या लोकांना सल्ला नको असतो, फक्त ‘हो’ हवं असतं. तरीही तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

एका दिवसात अख्खं पार्क

सिॲटलच्या पश्चिमेच्या या एकाच पार्कात हिमनद्या वागवणारे डोंगर, शेवाळाने लगडलेलं पर्जन्यवन आणि जवळपास एकशेवीस किलोमीटर रानटी समुद्रकिनारा, हे वर्णन खरं आहे. घोटाळा ‘एकाच’ या शब्दावरून होतो. पार्क १९३८ साली झालं ते मधल्या डोंगरांचं. किनाऱ्याची पट्टी १९५३ साली जोडली गेली आणि नकाशावर आजही ती वेगळीच पडलेली दिसते. डोंगर ओलांडून पलीकडे नेणारा रस्ता नाही. हायवे १०१ सगळ्याला बाहेरून वळसा घालतो. डोंगरातल्या हरिकेन रिजवरून उतरून पोर्ट एंजेलिस शहर, तिथून फोर्क्स गाव, तिथून होहच्या आत, एवढ्यालाच पावणेतीन-तीन तास जातात. त्यात उन्हाळी शनिवारी होहच्या गेटवर गाड्यांची रांग. म्हणजे दिवस गाडीत, आणि चालणं किती, तर पाऊण मैलाचं ‘हॉल ऑफ मॉसेस’. त्याचे फोटो मात्र चाळीस.

माझी पद्धत सोपी आहे: एक दिवस, एक प्रदेश. फोर्क्सला दोन रात्री काढा, किनारा आणि होह नीट बघा, डोंगर पुढच्या खेपेला. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी हल्ली समजावत बसत नाही.

याच घाईची दुसरी बाजू म्हणजे हवामान. लोक पोर्ट एंजेलिसचा अंदाज बघतात, ऊन दिसतं, आणि टी-शर्टवर होहला पोचतात. होहला वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या आसपास. डोंगराच्या आडोशाला ईशान्येकडे असलेल्या स्क्विमला जेमतेम चारशे. सह्याद्रीमागे माणदेश कोरडा राहतो त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथला मोठा पाऊस हिवाळ्यात येतो. त्यामुळे जिथे चालणार त्या ठिकाणाचाच अंदाज बघायचा, आणि अंदाज काहीही असो, रेनकोट पिशवीत ठेवायचा. जीन्स घरी राहू दे.

भरतीचं कोष्टक न वाचणं, किंवा अर्धवट वाचणं

आता खरं दुखणं. अजिबात कोष्टक न बघणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? पण अर्धवट बघणारे जास्त अडकतात, कारण त्यांना वाटतं आपण तयारी केली आहे.

दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे, हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग इथेही आहे. पण इथल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. उन्हाळ्यात सकाळची ओहोटी कधी कोष्टकातल्या शून्याच्याही खाली जाते, आणि त्याच दिवशी दुपारची तीन-साडेतीन फुटांवरच थांबून परत फिरते. कोष्टकात दोन्हींसमोर ‘ओहोटी’च लिहिलेलं असतं. फूट बघा, फक्त वेळ नको. किनाऱ्याच्या चांगल्या नकाशावर प्रत्येक सुळक्यापाशी, म्हणजे समुद्रात घुसलेल्या कड्यापाशी, आकडा असतो: पाणी इतक्या फुटांच्या खाली असेल तरच खालून वळसा घाला. काही ठिकाणी कुठल्याच ओहोटीत जाता येत नाही. थर्ड बीचच्या दक्षिणेचा टेलर पॉइंट त्यातलाच. तिथे दोराच्या शिडीने वर चढून जंगलातूनच जायचं असतं.

दुसरं म्हणजे, ओहोटीची वेळ ही तिथे पोचायची वेळ नव्हे. तोपर्यंत अवघड टप्पा ओलांडून झालेला हवा.

एका ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. रिआल्टो बीचवरून उत्तरेला दीडेक मैलावर ‘होल-इन-द-वॉल’ आहे, समुद्राने कातळात पाडलेलं मोठं भोक. पाणी उतरलं की त्यातून आरपार चालत जाता येतं. मी पलीकडून परत येत होतो. भोकाच्या तोंडाशी पाच जण उभे होते. “थांब रे, आता नको, आता नको!” हे ऐकून गाव कळलं. दुपारच्या ओहोटीच्या ठोक्याला ते भोकातून पलीकडे गेले, फोटो झाले, मग पुढची खाडी, मग त्याच्या पुढची. परत आले तेव्हा लाट भोकातून आरपार जात होती आणि एक ओंडका आत इकडून तिकडे आपटत होता. एकाने बूट गळ्यात अडकवलेले. त्याचा सिद्धांत असा, की मोठी लाट सातवी असते, ती गेली की पळायचं. मोजणी चालू होती.

मी विचारलं, “वरून का जात नाही?”

“वर काय आहे?”

त्यांच्या मागेच, झाडाला ठोकलेली लाल-काळी गोल पाटी होती. किनाऱ्यावर जिथे जिथे सुळक्यावरून जायची वाट आहे तिथे ही पाटी असते. पाचही जण तिच्यासमोरून दोनदा गेले होते. बूट गळ्यातला म्हणाला, “काका, पण फोनमध्ये इथे वाट दाखवत नाहीये.” फोनमध्ये तर समुद्रही नुसता निळाच दाखवतात. वाट चढाची, चिखलाची आणि मुळांची होती, पण दहा-पंधरा मिनिटांत सगळे पलीकडे. त्यातली एक मुलगी उतरताना सारखी म्हणत होती, “गुडघाभरच तर होतं.” खाली पोचल्यावर मागे वळून तिने भोक पाहिलं आणि मग ते वाक्य बंद झालं.

माझी सवय अशी आहे. रिआल्टोजवळच्या ला पुश गावाचं कोष्टक कागदावर उतरवून घेतो, कारण फोर्क्स सोडलं की फोनचा भरवसा नाही. शेजारी त्या दिवशीच्या सुळक्यांचे आकडे लिहितो. ओहोटीच्या दीड तास आधी पहिल्या सुळक्याशी असतो. पाणी वर असेल तर ओंडक्यांच्या मागे, उंचावर बसून थर्मासमधला चहा घेतो, तासभर गेला तर जातो. जोराचा वारा किंवा वादळी हवा असेल तर कोष्टकातल्या पाण्याच्या उंचीत एक-दोन फूट मीच वाढवून धरतो. कोष्टक चंद्र-सूर्याचा हिशोब करतं, वाऱ्याचा नाही. छापील कोष्टक घेतलं तर ते प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत हेही तपासा, नाहीतर सगळं गणित तासाभराने चुकतं.

ओंडक्यांवर चालणं

फोटो छान येतो, हे मान्य. पण किनाऱ्यावरचे ते पांढरे पडलेले ओंडके आख्खी झाडं असतात, कित्येक टनांची, आणि थोड्याशा पाण्यात तरंगून गोल फिरतात. भरतीच्या वेळी ओंडक्यावर मूल उभं करून फोटो काढणारे आई-बाप दिसले की मी ओळख नसताना बोलतो. वाईटपणा येतो, येऊ दे.

मैलांवरून वेळ काढणं

ओझेटचा त्रिकोण, म्हणजे तिथली तीन बाजूंची पायवाट, सव्वानऊ मैलांच्या थोडा वर आहे: जंगलातून केप अलावा, मग तीन मैल किनारा, मग सँड पॉइंटवरून परत. “रोज पाच मैल चालतो, तीन तासांत होईल.” जंगलातला भाग होईलही. किनाऱ्यावर मात्र गोटे, शेवाळलेले खडक आणि मऊ वाळू असते. तिथे तासाला एक-दीड मैल निघाला तरी बरं. जंगलातल्या लाकडी फळ्या ओल्या असतील तर त्यावर जपून. तिथे पडणारे बहुतेक ‘ट्रेकिंगचा अनुभव आहे’ म्हणणारेच असतात. वाटेत वेडिंग रॉक्सवर मकाह या इथल्या मूळ जमातीच्या लोकांनी कोरलेली जुनी कातळचित्रं आहेत. ती ठळक दिसावीत म्हणून खडूने गिरवू नका, हात लावू नका.

खाऊ तंबूत ठेवणं

इथल्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा तर बेअर कॅनिस्टर, म्हणजे जनावरांना उघडता न येणारा खाऊचा भक्कम डबा, सक्तीचा आहे. “अस्वल तर दिसत नाही” हा युक्तिवाद नको, खरा चोर रकून आहे आणि तो चेन उघडतो. भडंग, लाडू, टूथपेस्ट, वास येणारं सगळं आत. मुक्कामाचा परवाना आधी काढावा लागतो, तोही आयत्या वेळी मिळेल असं धरू नका.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

किनाऱ्यावरच्या ओढ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी असतं. तो पालापाचोळ्याचा रंग आहे, त्याला घाबरू नका, पण गाळून आणि शुद्ध करूनच प्या.

एल्क या मोठ्या हरणापासून पन्नास यार्ड दूर राहा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतो, तेव्हा त्याहून लांब.

ड्रोन आणायचाच नाही. बंदी आहे, आणि नसती तरी आणू नका.

कुत्रा रिआल्टोवर एलन क्रीकपर्यंतच चालतो, पुढे नाही.

हरिकेन रिजचं डे लॉज मे २०२३ मध्ये जळालं. वर बसून गरम काही खाऊ, हा जुना हिशोब सोडा आणि पाणी-डबा खालूनच न्या.

किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली तर सायरनची वाट बघू नका, लगेच उंचावर चढा. २६ जानेवारी १७०० रोजी याच किनाऱ्यासमोर महाभूकंप झाला होता आणि त्याची त्सुनामी जपानपर्यंत पोचली होती.

शी शी बीचची वाट मकाह लोकांच्या जमिनीवरून जाते. पार्कचा पास आहे म्हणून तिथे मिरवू नका. मकाह रिक्रिएशन पास वेगळा लागतो आणि तो निआ बे या त्यांच्या गावातल्या दुकानांत मिळतो. पास घ्यायला थांबाल तेव्हा तिथलं मकाह म्युझियमही बघा. चिखलाखाली गाडल्या गेलेल्या ओझेट गावातून उकरून काढलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. दोन तास सहज जातात, तेवढ्यात शी शीचं पाणीही उतरतं.