इलस्ट्रेशनच्या फायनल इयरवाल्यांनो, रफ लपवू नका

फायनल इयर संपत आलं की अप्लाइड आर्टच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझी अजून स्टाइलच ठरत नाहीये." मग पोर्टफोलिओ पुढे ढकलला जातो, प्रकाशकाला करायचा मेल ड्राफ्टमध्येच राहतो आणि सबमिशननंतर बघू म्हणता म्हणता मे उजाडतो. मी याच वाटेने बाहेर पडले, आता मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते आणि अजूनही मेल पाठवताना छातीत धडधडतं. तरी सांगते, स्टाइलचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. कच्चं काम, म्हणजेच रफ, परक्या माणसाला दाखवायची सवय आपल्याला नसते, आणि खरं घोडं तिथेच अडतं.

सवय नसते त्याला कारणही आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून आपण ठरलेल्या वेळात एक पूर्ण कागद द्यायला शिकतो. कॉलेजात माउंट केलेल्या फायनलला मार्क मिळतात. रफ दाखवायचं ते सरांची सही घेण्यापुरतं, एकदा सही झाली की ते फाइलमध्ये जातं. त्यामुळे रफ दाखवणं म्हणजे परवानगी मागणं, असं डोक्यात पक्कं बसतं. बाहेर मात्र संपादक, लेखक आणि चित्रकार यांचं निम्मं काम त्या रफवरच चालतं.

मला हे पहिल्याच पुस्तकात कळलं. थंबनेल्स, म्हणजे पानांची छोटी कच्ची रेखाटनं, फारच ओबडधोबड वाटत होती, म्हणून ती न पाठवता थेट रंगवलेली पानं पाठवली. संपादकबाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, आजीचा चेहरा घडीत जातोय. आणि हिंदी आवृत्तीचा मजकूर याहून लांब आहे, तो कुठे बसवायचा?" दोन पानांवर पसरलेल्या चित्रात आजी बरोब्बर मधोमध बसली होती. बहुतेक पानं पुन्हा काढावी लागली, मानधन तेच राहिलं.

हे सविस्तर लिहिते, कारण कॉलेजात यावर फारसं कोणी बोलत नाही. सोळा पानांचं पुस्तक म्हटलं की आपण मनात आठ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) धरतो. प्रत्यक्षात पहिलं पान उजवीकडे एकटं असतं आणि सोळावं डावीकडे एकटं, म्हणजे जोडपानं सातच मिळतात. त्यातही एखादं पान श्रेयनामावलीला जातं. गोष्टीचा सगळ्यात मोठा प्रसंग तुम्ही नवव्या पानावर आखलात, तर तो आठव्या पानासोबत एकदम दिसणार, पान उलटल्यावर दिसणार नाही. मुलांना दचकवायचं असेल, तर तो प्रसंग सम आकड्याच्या पानावर सुरू झाला पाहिजे. पिना मारलेल्या पुस्तकात घडी बऱ्यापैकी उघडते. चिकट बांधणीत मधली पट्टी आत ओढली जाते, तेव्हा चेहरा, हात किंवा गोष्टीतली महत्त्वाची वस्तू तिथे ठेवायची नाही. कडेला कापणीसाठी साधारण तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं काढायचं. हे स्क्रीनवर कळत नाही. साधे कागद घ्या, घडी घाला, मध्ये स्टेपलर मारा आणि प्रत्यक्ष मापात पेन्सिलने आखा. मजकूर कापून चिकटवा आणि पानं उलटून मोठ्याने वाचा. कुठे दोन पानं एकसारखी झाली, कुठे चित्र मजकुराचेच पाढे म्हणतंय, ते लगेच दिसतं.

ही डमी, म्हणजे घडी घातलेलं कच्चं पुस्तक, पाठवताना नुसती "कशी वाटली ते सांगा" म्हणून पाठवू नका. समोरच्याला कुठे बघायचं ते सांगा. मी आता लिहिते: "या टप्प्यावर मांडणी, कोन आणि मजकुराची जागा बघावी. चेहरे आणि कपडे अजून ठरलेले नाहीत." एवढ्या दोन वाक्यांनी फरक पडतो. आलेली दुरुस्ती मांडणीबद्दल असते, मनाला लागत नाही. पेन्सिलची रेघ खोडायला काय लागतं? रंगवलेल्या पानावर तीच सूचना आली की झोप उडते.

सरावाला काम मिळेपर्यंत थांबू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि तिथलं बहुतेक साहित्य श्रेय देऊन वापरायची, बदलायची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली आहे. एक गोष्ट निवडा, तिची आधीची चित्रं बघायच्या आत स्वतःची डमी करा, मग दोन्ही शेजारी ठेवा. लेखकाचं नाव आणि परवाना लिहून ती पोर्टफोलिओत घाला. एकच मुलगी सात प्रसंगांत, पाठमोरी, रडताना, धावताना तीच मुलगी वाटतेय, हे दाखवणारी डमी दहा सुट्या देखण्या पोस्टरांपेक्षा मला मोलाची वाटते.

आता स्टाइलबद्दल. चित्रकार दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) मुखपृष्ठं आपण सगळेच बघत आलो. पण त्यांची कथाचित्रं, व्यंगचित्रं आणि मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघा, मजकूर बदलला की हातही बदलतो. काम करता करता हात घडतो. 'आठवड्यात स्वतःची स्टाइल शोधा' छापाच्या कोर्सवर पैसे घालू नका. ब्रशचे पॅक गोळा करण्याचंही तेच. हे माझं ठाम मत आहे, आणि ज्यांना असे कोर्स आवडतात त्यांच्याशी माझं पटत नाही.

मार्गदर्शकांबद्दलही असंच. तुमच्या कागदावर स्वतः रेघ मारून "असं कर" म्हणणारे सर प्रेमानेच सांगतात, पण वर्ष संपल्यावर ते सोबत नसतात. "ही इथे का उभी आहे?" असं विचारणारी व्यक्ती शोधा. ती वर्गातली मैत्रीणही असू शकते. "पहिलं काम फुकट कर, नाव होईल" म्हणणाऱ्या सीनिअरपासून मात्र लांब राहा.

पैशांचं बोलताना सगळ्यांचीच जीभ अडखळते. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. आकडा सांगायच्या आधी चित्रं किती, कोणत्या मापाची, रंगीत की रेषाचित्रं, रफनंतर किती दुरुस्त्या, पैसे केव्हा आणि चित्र आणखी कुठे वापरणार, हे विचारा. हे प्रश्न विचारणारा माणूस नवखा वाटत नाही, आणि विचारून झाल्यावर आकडाही थोडा सरळ आवाजात सांगता येतो.

हक्कांचं तर लेखीच हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक मेख आहे. कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो, ते कलम १७ मध्ये आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून काम सुरू करण्याआधीच "ही चित्रं या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीपुरती, कॉपीराइट चित्रकाराकडे" असं दोघांच्या सहीने कागदावर येऊ द्या. समोरचा नाही म्हणाला तर निदान काय देतोय ते कळून तरी द्याल.

उत्तरं येणार नाहीत, हे धरूनच चला. त्याचा अर्थ चित्रं वाईट आहेत असा होत नाही, बहुतेक वेळा संपादकाच्या टेबलावर तेव्हा दुसरं पुस्तक असतं. दोन-तीन आठवड्यांनी एक आठवण करा, मग पुढच्या पत्त्याकडे वळा. दिवाळी अंकांची कथाचित्रं बहुधा पावसाळ्यात काढली जातात, तेव्हा त्यांना मेल जूनमध्येच गेलेला बरा. सोबत एक पूर्ण कथाचित्र आणि त्याच कथेची तीन वेगळी रफ जोडा, आणि त्यातलं एकच का निवडलं ते दोन ओळींत लिहा.