किल मारण्याआधी: सर्व्हरवरच्या प्रोसेस बघायच्या आणि चाळायच्या कशा

सर्व्हर अडकला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, रीस्टार्ट मारू का?" माझं उत्तरही ठरलेलं. थांब, आधी प्रोसेसची, म्हणजे मशिनवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची, यादी वाच.

मी साखर कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. वजनकाटा, शेतकी विभागाच्या नोंदी, शेतकऱ्याला जाणारा वजनाचा एसएमएस, सगळं एकाच लिनक्स मशिनवर. गाळप चालू असताना काटा थोडा वेळ जरी बंद पडला तरी गाडीतळ भरून ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते. रीस्टार्टने काटा चालू होतो हे खरं. पण का अडकला होता याचा पुरावाही त्यातच पुसला जातो, आणि तासाभरात फोन परत वाजतो.

इथल्या कमांड फोनवर सांगतो तशाच लिहितोय. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या, सगळी अक्षरं लहान. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

ही यादी दाखवणारी कमांड म्हणजे पीएस. सुरुवात सगळे करतात तिथूनच:

पीएस एयूएक्स
पीएस -ईएफ

दोन्हींत मशिनवरच्या सगळ्या प्रोसेस येतात. पहिली बर्कलेच्या युनिक्सची पद्धत, दुसरी एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्हची, आणि लिनक्सच्या पीएसला दोन्ही बोली कळतात. एयूएक्सच्या आधी डॅश द्यायचा नाही. डॅश दिला की नियमाप्रमाणे त्याचा अर्थ "एक्स नावाच्या यूझरच्या प्रोसेस" असा होतो. तसा यूझर नसला तर पीएस सांभाळून घेतं, पण सवय लावू नका. एयूएक्समध्ये मेमरी दिसते, मात्र प्रोसेसचा आईबाप कोण ते दिसत नाही. ईएफमध्ये पीपीआयडी म्हणजे पालकाचा नंबर दिसतो, पण मेमरी नाही. मला दोन्ही हवं असतं, म्हणून मी रकाने स्वतः मागतो:

पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,यूझर:१५,ईटाइम,स्टॅट,आरएसएस,आर्ग्स --सॉर्ट=-आरएसएस | हेड -१५

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. आर्ग्स म्हणजे ए आर जी एस, पूर्ण कमांड. यूझरपुढचा १५ अशासाठी की लांब नाव एरवी कापलं जातं आणि शेवटी अधिकचं चिन्ह येतं. सॉर्टमधला डॅश म्हणजे मोठा आकडा वर. उभी रेघ म्हणजे पाइप, ती एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देते, आणि हेड -१५ पहिल्या १५ ओळीच ठेवतं. ओळी पडद्याच्या कडेला कापल्या जात असतील तर डब्ल्यूडब्ल्यू जोडा.

ही कमांड सगळ्यांनी पाठच करावी असं माझं मत आहे, कारण निम्मं निदान तिच्या एका ओळीत असतं. ही ओळ बघा:

२१४७  १  टॉमकॅट  ४१-०६:१२:३३  एसएसएल  ३१८४२२०  जावा -एक्सएमएक्स३जी ...

नंबर २१४७. पालक १, म्हणजे बहुतेक सिस्टमडीनेच (मशिन सुरू होताना पहिली उठून बाकीच्या सर्व्हिस चालवणारी प्रोसेस) चालू केली. (बहुतेक अशासाठी म्हणतो की हाताने चालू करून लॉगआउट केलेली प्रोसेसही शेवटी १ च्याच पदरात जाते.) मालक टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर, त्याच्याच नावाचा यूझर). इथे रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूझर, दिसला तर समजायचं की कुणीतरी सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) हाताने उठवलंय. मग लॉग फाइलचा मालकही रूट झालेला असतो आणि पुढच्या वेळी सर्व्हिस नीट सुरू झाली नाही की सगळे डोकं धरून बसतात. पुढे वय: ४१ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३३ सेकंद. "काल रात्री रीस्टार्ट केला होता साहेब" असं कुणी सांगत असेल तर हा रकाना वाचून दाखवायचा. स्टॅटमधला पहिला एस मोठा, म्हणजे काम येण्याची वाट बघत झोपलेली. दुसरा लहान एस म्हणजे आपल्या सेशनची मुख्य, आणि एल म्हणजे आत अनेक थ्रेड, एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. आरएसएस म्हणजे रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा, केबीमध्ये. इथे तीन जीबीच्या आसपास. फक्त सगळ्या ओळींच्या आरएसएसची बेरीज करू नका. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात परत परत धरली जाते, आणि बेरीज मशिनच्या रॅमपेक्षाही मोठी निघते.

आता चाळणं. पीएस एयूएक्स, पाइप, ग्रेप जावा ही जोडी मला फारशी आवडत नाही. ग्रेप म्हणजे दिलेला शब्द असलेल्या ओळी गाळून देणारी कमांड, तिला रकाने कळत नाहीत. टॉमकॅट शोधलं तर टॉमकॅट नावाच्या यूझरची प्रत्येक प्रोसेस येते, ज्याच्या पाथमध्ये टॉमकॅट आहे तेही येतं, वरचं शीर्षक गायब होतं आणि खुद्द ग्रेपची ओळही यादीत येऊन बसते. ती ओळ टाळायला शब्दाचं पहिलं अक्षर चौकटी कंसात टाकायची युक्ती आहे. मग ग्रेपच्या स्वतःच्या ओळीत कंस असतो आणि ती जुळत नाही. युक्ती छान आहे, पण नेमका प्रश्न पीएसलाच विचारता येत असताना हे करायचं कशाला?

पीएस -यू टॉमकॅट -ओ पीआयडी,ईटाइम,आर्ग्स
पीएस -सी जावा -ओ पीआयडी,यूझर,आर्ग्स
पीएस --पीपीआयडी २१४७ -ओ पीआयडी,स्टॅट,आर्ग्स

पहिली मालकावरून, दुसरी प्रोग्रॅमच्या नावावरून (इथला सी मोठा), तिसरी अमक्याची पोरं कोण ते सांगते. सगळं कुळ उभं बघायचं असेल तर पीएस -ईएफ --फॉरेस्ट.

नुसता नंबर हवा असेल तर पीग्रेप. पीग्रेप आणि पीकिल (नावावरून किल मारणारा त्याचा जोडीदार) १९९८च्या सोलारिस ७मध्ये आले, आज जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतात, आणि पीग्रेप स्वतःला मोजत नाही. पण त्याची एक खोच लक्षात ठेवा. तो प्रोसेसच्या नावाशी जुळवतो, आणि कर्नल ते नाव फक्त १५ अक्षरं ठेवतं. आमच्याकडची एसएमएस_पावती_पाठव.पीवाय ही स्क्रिप्ट थेट चालवली तर कर्नलच्या लेखी तिचं नाव एसएमएस_पावती_पाठ इथेच संपतं. पायथनमार्फत चालवली तर नाव नुसतंच पायथन३. पूर्ण नाव शोधलं की हाती काहीच लागत नाही आणि माणूस म्हणतो, प्रोसेस बंद आहे. ती चालू असते. म्हणून:

पीग्रेप -एफए पावती

एफ म्हणजे पूर्ण कमांडमध्ये शोध, ए म्हणजे ओळही दाखव. तेवढ्याच ओळी वयासकट हव्या असतील तर:

पीएस -ओ पीआयडी,ईटाइम,आर्ग्स -पी $(पीग्रेप -डी, -एफ पावती)

ही स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी चालते. एसएमएस पुढे पाठवणारा गेटवे उत्तर देईना झाला की जुनी संपायच्या आत नवी सुरू होते, आणि पहाटेपर्यंत त्यांचा ढीग लागतो. यादीत ईटाइम पाच-पाच मिनिटांच्या फरकाने चढत गेलेला दिसला की निदान झालं: पहिली अडकली तेव्हाच गेटवे गेला. मोजायला -एफसी आहे, पण आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. क्रॉन शेलमार्फत (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कमांड चालवतो, आणि काही मशिनवर त्या शेलची ओळही जुळून आकडा दुप्पट येतो. क्रॉनच्या ओळीत फ्लॉक -एन (फाइलला कुलूप लावणारी कमांड) लावला की एक चालू असताना दुसरी सुरूच होत नाही. त्याआधी टाइमआउट (ठरल्या वेळेनंतर कमांड बंद करणारा) लावून घ्या, नाहीतर अडकलेली पहिली कुलूप धरून बसेल.

एफचा जाच असा की तो सगळंच पकडतो. दुसऱ्या खिडकीत कुणी तीच फाइल व्हीआय एडिटरमध्ये उघडली असेल, कुणी तिच्या लॉगच्या नव्या ओळी बघायला टेल लावली असेल, तर तेही यादीत. सुडो लावून पीग्रेप चालवलं तर सुडोची ओळसुद्धा. म्हणून पीकिल -एफ मारायच्या आधी तोच शब्द पीग्रेप -एफएला द्यायचा आणि ओळी डोळ्यांनी वाचायच्या. हा नियम माझ्याकडे मोडायला परवानगी नाही.

काट्याचं खरं दुखणं बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये असतं, आणि ते पीएसमध्ये सरळ दिसतं हे अनेकांना माहीत नसतं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं आणि तिच्या नावात ती काय करतेय ते लिहीत राहतं:

पीएस -यू पोस्टग्रेस -ओ पीआयडी,ईटाइम,आर्ग्स

नुसतं "आयडल" म्हणजे निवांत बसलेली. "सिलेक्ट" म्हणजे काम चालू. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" दिसलं की कान टवकारायचे. कुणीतरी व्यवहार उघडून ठेवलाय आणि बंद केला नाही. तिच्या आजूबाजूला "अपडेट वेटिंग" अशा चार-सहा ओळी असतील तर त्या बहुतेक तिनेच धरलेलं लॉक सुटायची वाट बघतायत. काट्यावर पावती निघत नाही ती यामुळे. ओळीतच यूझर, डेटाबेस आणि आयपी पत्ता असतो, त्यामुळे कुठल्या टेबलावरचा संगणक तेही कळतं. मग मी पोराला सांगतो, शेतकी ऑफिसात जा आणि अर्धवट उघडी ठेवलेली दुरुस्तीची खिडकी बंद कर. सर्व्हरला हातही लावावा लागत नाही.

सीपीयूबद्दल एक गैरसमज. पीएसमधली टक्केवारी ही प्रोसेसच्या अख्ख्या आयुष्याची सरासरी असते. ४१ दिवस निवांत असलेली जावा गेली दहा मिनिटं पूर्ण एक कोर खात असली तरी पीएसमध्ये किरकोळच आकडा दाखवेल. आत्ताचं बघायचं असेल तर टॉप. त्यात मोठा पी सीपीयूप्रमाणे लावतो, मोठा एम मेमरीप्रमाणे, लहान यू मालकाप्रमाणे गाळतो, सी पूर्ण कमांड दाखवतो. आकडा शंभरच्या वर गेला तर घाबरू नका, एकाहून जास्त कोर वापरतेय एवढंच.

स्टॅटच्या रकान्यात दोन अक्षरं शोधत जा. झेड म्हणजे झोंबी: प्रोसेस मेली आहे, पालकाने तिची दखल घेतलेली नाही. तिला किल मारून उपयोग नाही, पालकाकडे बघा. एखाददुसरी असेल तर सोडून द्या. मोठा डी मात्र गंभीर. ती डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरकडून उत्तर येण्याची वाट बघतेय. लिनक्स अशा प्रोसेस कामाचा ताण सांगणाऱ्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये मोजतं, म्हणून सीपीयू रिकामा असूनही लोड तीसच्या घरात दिसतो.

पीएस -ईओ स्टॅट,पीआयडी,आर्ग्स | ग्रेप '^डी'

इथलाही डी मोठा. बॅकअपच्या फोल्डरवर अशा ओळी जमल्या असतील तर पहिला संशय बॅकअपच्या मशिनवर किंवा तिकडे जाणाऱ्या केबलवर.

प्रोसेस कुठून चालतेय ते कळत नसेल तर एलएस -एल /प्रॉक/२१४७/सीडब्ल्यूडी तिचं फोल्डर दाखवतं, आणि सीडब्ल्यूडीऐवजी ईएक्सई लिहिलं की मूळ प्रोग्रॅम. त्यापुढे "डिलीटेड" दिसलं तर अपडेट झालाय पण जुनीच आवृत्ती अजून चालू आहे.

एवढं बघून झाल्यावर किल. नुसतं किल आणि नंबर दिला की १५ नंबरचा सिग्नल जातो, प्रोसेसला आवराआवर करायला वेळ मिळतो. थोडं थांबून पीएस -पी २१४७ ने पुन्हा बघायचं. तरी हलली नाही तरच किल -९. डीमध्ये अडकलेलीला सहसा तेही लागू पडत नाही. आणि पोस्टग्रेसच्या कनेक्शनला -९ कधीही नाही. एका कनेक्शनला मारलं तरी मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शनं तोडून रिकव्हरीला लागते, आणि अडकलेला एक काटा सोडवायला गेलेला माणूस सगळे काटे बंद करून बसतो. तिथे साधा किल पुरतो.