खिशातला फोल्डिंग चाकू: बोटं न कापता उघडायचा, वापरायचा, मिटवायचा कसा

फोल्डिंगचा चाकू हातात आला की माणसाचं सगळं ध्यान कापायच्या वस्तूवर असतं, आणि काम झालं की बोलत बोलत, भलतीकडंच बघत पातं मिटवतो अन् तिथंच बोट जातं. म्हणून माझं तरी मत असंय की ह्या चाकूत आधी शिकायचं ते मिटवणं, कापायचं नंतर बघू. आपल्याकडं शेतातल्या आखाड्यावर, धान्याच्या मोंढ्यात, ठिबकवाल्याच्या खिशात, मोसंबीचे डोळे भरणाऱ्याच्या (म्हणजे कलम करणाऱ्याच्या) पिशवीत असा एखादा चाकू असतोच, पण तो धरायचा कसा हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळे बघून बघूनच शिकतेत.

आधी आपला चाकू कोणत्या जातीचा ते बघा

पातं पूर्ण उघडा आणि बारकाईनं बघा, ते उघडं कशाच्या जोरावर राहतंय.

जत्रेत मिळणारे साधे चाकू, कलमाचे बरेचसे चाकू आणि ते लाल मुठीचे छोटे स्विस चाकू, ह्यांना लॉक नसतं. मुठीच्या पाठीला आतून स्टीलची एक पट्टी असते, तिचा स्प्रिंगसारखा दाब बसतो, आणि तोच दाब पातं उघडं पण धरतो आणि मिटलेलं पण धरतो. म्हणजे पात्याच्या पाठीवर जरा जोर आला की ते मिटणार, आणि मिटताना मधी जे येईल ते कापणार.

लॉकवाल्यात तीन प्रकार जास्त दिसतेत. एकात मुठीच्या पाठीवर दाबायची कळ असते. दुसऱ्यात मुठीच्या आतल्या बाजूला पातळ पट्टी असते, ती आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, आजकाल ऑनलाइन घेतलेले बहुतेक असेच असतेत. तिसरा म्हणजे लाकडी मुठीच्या गळ्याशी फिरणारं कडं, फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला असतं ते, 1955 पासून. कडं फिरवलं नाही तर लॉक लागलेलंच नाही, हे विसरायचं नाही.

बटन दाबलं की खटकन उघडणारा चाकू घेऊच नका, कामाला काही खास नसतो आणि पोलिसांनी विचारलं तर सांगायला तोंड नाही.

उघडताना

मूठ डाव्या हातात दोन्ही बाजूंनी धरायची, ज्या खाचेतून पातं बाहेर येतं त्या खाचेवर एकही बोट गुंडाळायचं नाही. पात्यावर नखासाठी बारीक खाच असते, तिच्यात उजव्या अंगठ्याचं नख घालून ओढायचं आणि टक्क आवाज येईपर्यंत न्यायचं, अर्ध्यात सोडायचं नाही. हात ओले, तेलकट किंवा मोसंबीच्या रसानं चिकट झालेले असतील तर आधी पुसा कारण नख सटकलं की बोट सरळ धारेवर जातं. पातं जाम असंल तर जोर लावत बसू नका, दातानं तर अजिबात नाही, आधी तेल सोडा. आणि मनगट झटकून एका हातानं उघडायची स्टाईल मोबाईलवर बघायलाच बरी.

मिटवताना, इथं जरा हळू वाचा

बिनलॉकचा असंल तर मूठ डाव्या हातात, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, अशी सपाट धरा. खाच आणि धार आपल्यापासून लांब, समोरच्या अंगाला ठेवा. मग उजव्या तळहातानं पात्याची पाठ पुढं ढकलत मिटवा. उजव्या हाताची बोटं पात्याला वेढा घालून धारेकडं जाऊ द्यायची नाहीत, ढकलायचं काम तळहाताचं. काही चाकूत पातं निम्म्यात, काटकोनात थांबतं, तिथं थांबून एकदा बोटं बघून घ्यायची, कारण तिथून पुढं स्प्रिंग स्वतःच ओढते आणि पातं फटकन आत बसतं, तुमच्या हातात काही राहत नाही.

आतल्या पट्टीच्या लॉकचा चाकू मात्र फसवा असतो. पट्टी बाजूला ढकलायला अंगठा खाचेत घालावाच लागतो, म्हणजे पातं जिथं येऊन बसणार नेमकं तिथंच अंगठा. म्हणून दोन टप्पे करायचे: पट्टी ढकलून दुसऱ्या हातानं पातं जरासं हलवा, पट्टी सुटली की थांबा, अंगठा पूर्ण बाहेर काढा, आणि मगच बाकीचं मिटवा. हे सगळं एका झटक्यात करणारे बघितलेत मी, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा पण बघितल्यात. पाठीवर कळ असंल तर कळ दाबून पातं थोडं हललं की कळ सोडा, आणि बोटांची पेरं खाचेत नाहीत ना ते बघून मग पुढं.

नवीन चाकू असंल तर धारेवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन पदर लावा आणि उघडमीट करत बसा, हाताला सवय झाली की टेप काढा. लेकरांना शिकवायचं असंल तर टेप लावूनच, आणि शेजारी बसून.

प्रत्यक्ष कापताना

नियम एकच, पातं सटकलं तर ते जाईल कुठं हे कापायच्या आधी बघायचं. त्या वाटेत बोट, मांडी किंवा शेजारचा माणूस नको. मांडीवर ठेवून कापायची आपल्याकडं लई खोड आहे, जमिनीवर बसलं की मांडीच टेबल होते, ते सोडा. मांडीत आतल्या अंगाला मोठी रक्तवाहिनी असते, तिथं लागलं तर बोटासारखं चिंधी बांधून भागत नाही.

खताचा कट्टा उघडायला चाकूच लागतो असं नाही. शिलाई साखळीची असते, बरोबर टोकाचा दोरा सोडवून ओढला की सगळी सरसर निघते, कट्टा पण पुन्हा कामाला येतो. सुतळी कापायची तर तिच्याखाली पातं घालून आपल्याकडं हिसका मारू नका, पातं बाहेरच्या अंगाला करून कापा.

ठिबकची नळी हातात धरून अंगठ्याच्या जोरावर कापतेत लोक, पातं इकडून अन् अंगठा तिकडून. त्यापेक्षा लाकडाच्या तुकड्यावर ठेवा आणि वरून दाबून कापा. आणि नळीला भोक पाडायला चाकूचं टोक खुपसायचं नाही, अजिबात नाही, खुपसताना बिनलॉकचं पातं उलटं मिटून थेट बोटांवर येतं. पंच मिळतो त्याचा, स्वस्तात. लॉकवाल्यानं पण खुपसू नका आणि त्याला पहारीसारखं उचकटायला वापरू नका, लॉक झिजलेलं असलं तर ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मोसंबी सोलताना फळ फिरवायचं, चाकू जागेवर ठेवायचा. डोळा भरायचं काम नवीन शिकणाऱ्यानं डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला कापडी टेप गुंडाळून करावं, जुने कारागीर हसतील, हसू द्या.

चाकू हातातून पडला तर हात घालून झेलायचा नाही. पाय मागं घ्या आणि पडू द्या, टोक वाकलं तर घासता येतं. दुसऱ्याला द्यायचा तर मिटवूनच द्या.

धार आणि साफसफाई

बोथट चाकू सेफ असतो हा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेलं पातं सटकलं की आवरत नाही. धार लावायला साधा दोन बाजूंचा दगड पुरतो, दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे हलत नाही, पातं दगडाला साधारण 20 अंशात टेकवा आणि दोन्ही बाजू सारख्या घासा. दगड हातात धरून घासू नका, आणि बिनलॉकच्या चाकूला घासताना पात्याच्या पाठीवर जोर देऊ नका. धार बघायला अंगठा फिरवायचा नाही, वर्तमानपत्राचा कागद धरून कापून बघा.

पुसताना फडकं पाठीकडून धरा, धार मोकळी राहू द्या. आंबट फळ कापलं की लगेच धुवून कोरडा करा, कार्बन स्टीलच्या पात्यावर तासाभरात डाग येतेत. वावरातली माती बिजागरीत जाऊन बसते आणि चाकू जाम होतो, ती ब्रशनं काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत गोठतं. पातं हलायला लागलं, लॉक अर्धवट लागू लागलं तर स्क्रू घट्ट करा, रिव्हेटचा असंल आणि ढिला झाला असंल तर बाद करा.

प्रवासात हे पण ध्यानात ठेवा: विमानाच्या केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चिकलठाण्याच्या विमानतळावर सिक्युरिटीत काढून घेतील, चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि यात्रेत, सभेत, मिरवणुकीत नेऊच नका, तिथं काय कामाचं सांगणार.

तरी कापलंच तर

वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा आणि स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. सलग 10 मिनिटं दाबायचं, मधी मधी उघडून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर काही भरू नका, डॉक्टरला नंतर तेच सगळं धुवून काढावं लागतं. रक्त थांबेना, जखमेची तोंडं उघडी दिसू लागली, बोटाचं टोक बधिर झालं किंवा बोट वाकेना, तर नस किंवा स्नायूबंध कापलेला असू शकतो, मग दवाखाना त्याच दिवशी गाठायचा, टाके उद्यावर ढकलायचे नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरला सांगा, मातीत-शेणात वापरलेला चाकू असंल आणि 5 वर्षं उलटून गेली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं.